पायी देशभर : याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

पडवीकर
तालुक्याच्या साप्ताहिकासाठी एक बातमी लिहितोय. शेजारच्या गावातला एक मुलगा कन्याकुमारीहून चालत काश्मीरला निघालाय. मागे पक्ष नाही, नवस नाही, वर्गणी नाही. देश बघायचाय, एवढंच. मथळ्यात एक नाम हवंय आणि तिथेच अडलंय. 'पदयात्रा' लिहिलं तर लोक विचारतील कुठल्या पक्षाची. 'वारी' लिहिलं तर देव कुठला? 'ट्रेक' म्हणजे शनिवार-रविवार आणि एखादा गड. 'पदभ्रमण' शाळेच्या परिपत्रकातून उठून आल्यासारखा वाटतो. काय लिहू?

दिवेघाट
'वारी' नकोच, पण कारण देव नव्हे. वारीचा जीव पुन्हा पुन्हा जाण्यात आहे. यंदा गेलो, पुढच्या आषाढीला परत जायचं, आणि चुकली तर 'वारी चुकली' म्हणून वर्षभर रुखरुख. आयुष्यात एकदाच केलेल्या चालण्याला वारी म्हणता येत नाही. आळंदी ते पंढरपूर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तुमचा मुलगा त्याच्या कितीतरी पट चालेल, तरी ती वारी नाही. उलट कोर्टाच्या वाऱ्या, बँकेच्या वाऱ्या, मंत्र्यांच्या दिल्लीवाऱ्या मात्र खुशाल होतात, तिथे पाय कोणी मोजत नाही. गंमत अशी, की अनेकवचन झालं की शब्द वैतागाचा होतो. पंढरीची ती 'वारी', तहसील कचेरीच्या त्या 'वाऱ्या'.

वऱ्हाडी मिरची
आमच्याकडे प्रश्नच नाही. पायदळ. 'बस भेटली नाही, पायदळ आलो.' पुण्याच्या लोकांना वाटतं सैन्याबद्दल चाललंय. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी सातशे किलोमीटरच्या वर चालते, महिनाभर. आम्ही तिला पायदळ वारीच म्हणतो.

पडवीकर
छान आहे, पण माझे वाचक दक्षिण कोकणातले. 'पायदळ काश्मीरकडे' असा मथळा दिला तर युद्धाची बातमी होईल!

जुनी पानं
'प्रवास' का नको? आज प्रवास म्हटलं की तिकीट डोळ्यांपुढे येतं, पण शब्दात वाहन कुठेच नाही. प्र + वस्, म्हणजे घर सोडून दूर राहणं. त्याच धातूवरून 'प्रोषित', आणि जिचा नवरा परगावी आहे ती प्रोषितभर्तृका. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी 1857 साली ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतल्या यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि बंडाच्या धुमाळीत सापडले. परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून आणली. त्यांची हकिकत 1907 साली छापली गेली तेव्हा तिचं नाव होतं 'माझा प्रवास'. 'पायी' असं वेगळं सांगायची गरज कोणाला वाटली नाही. सामान्य माणसाचा प्रवास पायीच असायचा.

पडवीकर
पटलं. पण आज नुसतं 'प्रवास' लिहिलं तर वाचक रेल्वेच धरून चालेल.

शब्दवेडा
मला 'पदयात्रा' इतक्या सहज सोडवत नाही. मुळात 'यात्रा' म्हणजे जाणं. मराठीत तिचीच 'जत्रा' झाली आणि जाण्यापेक्षा पोचल्यावरची गर्दी महत्त्वाची ठरली. पदयात्रा हा शब्द घरोघरी गेला तो विनोबांमुळे. 1951 साली ते हैदराबादजवळ शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला वर्ध्याकडून चालत गेले. तिथून तेलंगणात फिरताना 18 एप्रिलला पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं आणि चालणं पुढे तेरा वर्षं थांबलं नाही. रोज नवं गाव, पहाटे निघायचं. त्या पदयात्रेला पक्ष नव्हता.
मग 1983 मध्ये चंद्रशेखर, म्हणजे पुढे पंतप्रधान झालेले, कन्याकुमारीहून दिल्लीत राजघाटापर्यंत चालले. तिचं नाव 'भारत यात्रा'. पाय खरे होते, पण नावात 'पद' नव्हतं. पुढे यात्रा रथात बसल्या, म्हणजे सजवलेल्या मोटारीत. आता यात्रा म्हटलं की कोणी चालतच असेल याची खात्री नाही, म्हणून 'पद' मुद्दाम सांगावं लागतं. आणि बाबा आमटेंचं 1985 चं 'भारत जोडो' अभियान, जे कन्याकुमारीहूनच निघालं, ते सायकलींवर होतं. त्याला बरेच जण बिनधास्त पदयात्रा म्हणतात. पॅडलला पाय लागतात हे खरं, पण तरी नाही.

दिवेघाट
मोर्चाचा धागाही यातच घ्या. 'लाँग मार्च' आता मराठीच शब्द झालाय. 1979 मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे माणसं चालत निघाली, तेव्हापासून तो इथला. 2018 च्या मार्चमध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला आले, सुमारे 180 किलोमीटर, तेव्हा कोणालाच दुसरा शब्द सुचला नाही. शेवटी मागणी असली की लाँग मार्च, देव असला की वारी किंवा दिंडी, फिरून निघाल्या जागी यायचं असलं की परिक्रमा. चालणं तेच, नाव ठरतं कशासाठी यावरून. तुमच्या मुलाला 'कशासाठी'च नाही, म्हणून नाव मिळत नाही.

सांजवात
याला एक काळी बाजूही आहे. 2020 च्या टाळेबंदीत लाखो मजूर शेकडो किलोमीटर चालत घरी निघाले. 'आपल्याच देशातून लांब पायी जाणं' म्हणाल तर इतकं मोठं उदाहरण दुसरं नाही. त्याला कोणी यात्रा म्हटलं नाही, म्हणवलंही नसतं. वर्तमानपत्रांनी 'पायपीट' लिहिलं. मला तो शब्द तेव्हाही खटकला होता. पायपीट म्हणजे उन्हात पोस्टापर्यंत जावं आणि खिडकी बंद मिळावी. त्यात चडफड असते. जालन्याहून भुसावळकडे निघालेली माणसं करमाडजवळ रुळांवर झोपली आणि 8 मेच्या पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. त्याला पायपीट कसं म्हणायचं? तिथे साधं 'पायी निघाले होते' हेच बरोबर.

काना मात्रा
'पायी' चालेल, फक्त 'पायी चालत' लिहू नका. द्विरुक्ती आहे. चालायला पायच लागतात.

वऱ्हाडी मिरची
'डोळ्यांनी पाहिलं', 'कानांनी ऐकलं' हेही बंद करायचं का मग? जोर द्यायला बोलतात तसं.

काना मात्रा
बोला हो. छापू नका. आणि जोडून-तोडून लिहिण्याकडे लक्ष ठेवा. 'देशापायी' म्हणजे देशाच्या कारणाने, आणि 'देशभर पायी' म्हणजे चालत. एका शब्दाच्या फरकाने पोरगा हुतात्मा व्हायचा.

जुनी पानं
ट्रेकबद्दल राहिलं. तो शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या डच शेतकऱ्यांचा, आणि त्यांचा ट्रेक बैलगाड्यांतून व्हायचा. म्हणजे ज्याला आपण अस्सल चालणं समजतो तो शब्द गाडीचा, आणि 'प्रवास' बिचारा बिनगाडीचा.
मला विचाराल तर मथळ्यात 'मजल' आणा. अरबी 'मंझिल', म्हणजे उतरायची जागा. आपल्याकडे एका दिवसात कापलेल्या वाटेला मजल म्हणू लागले. 'मजल दरमजल करीत' यात चालही आहे आणि रात्रीचा तळही. आता फक्त 'बोलण्यापर्यंत मजल गेली' असं उद्धटांसाठी उरलंय, ही त्या शब्दाची हेळसांड आहे.

पडवीकर
ठरलं. मथळा: 'कन्याकुमारी ते काश्मीर, पायी'. नाम नकोच. पोटमथळ्यात 'मजल दरमजल'. खाली चौकटीत त्याचे आतापर्यंतचे मुक्काम देतो. सगळ्यांचे आभार.

काना मात्रा
कन्याकुमारी गाव आहे, काश्मीर नाही. श्रीनगर की आणखी कुठे, ते त्याला विचारून घ्या.