मदत हवी आहे : आफ्रिकन पेंग्विनला २०३३ नंतर कायद्याचे संरक्षण कसे मिळेल?

नमस्कार. सागरी कायद्याच्या अभ्यासासाठी मी आफ्रिकन पेंग्विनवर टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. (राणीच्या बागेतील पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत, आफ्रिकन पेंग्विन ही जात मात्र दक्षिण आफ्रिका व नामिबियाच्या किनाऱ्यांवर वीण करते.) दहा हजारांहून कमी जोड्या उरल्याने २०२४ मध्ये तिची नोंद अतिसंकटग्रस्त गटात झाली. तिचे मुख्य अन्न असलेले सार्डिन व अँकोव्ही मासे मोठ्या जाळ्यांनी उपसले जातात, म्हणून पक्षीसंवर्धन संस्था आणि मासेमारी व्यावसायिक यांच्यातील तडजोडीला मार्च २०२५ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने आदेशाचे रूप दिले आणि रॉबेन, डासेन, डायर या बेटांसह पेंग्विनच्या सहा वसाहतींभोवतीच्या ठरावीक क्षेत्रांत ही मासेमारी २०३३ पर्यंत बंद झाली.

उपाशी पिलांसाठी ही मुदत मला फार तोकडी वाटते. ती संपल्यावर परवान्यांतील अटी पुरेशा ठरतील, की सागरी संरक्षित क्षेत्रांची हद्दच वाढवून घ्यावी लागेल? तेथील कायद्याचा अनुभव असलेल्या कोणी हे समजावून सांगितल्यास, तसेच आदेशाची मूळ प्रत कोठे वाचता येईल हे कळवल्यास मी मनापासून आभारी राहीन.