अणुयुद्धाची भीती: मुलांना खरे सांगावे की त्यांच्यापासून लपवावे?

फोंडेकर (चर्चाप्रस्ताव):
७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. तेव्हापासून १० मेच्या भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीपर्यंत मी बातम्यांसमोरून उठलो नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवामुक्तीच्या वेळी, दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले तेव्हा शाळकरी असलेली माझी आई या मेमधल्या दिवसांत मुकाट्याने उकडे तांदूळ, मीठ आणि काडेपेट्या डब्यांत भरत होती. माझ्या बारा वर्षांच्या मुलीने विचारले, "वास्कोला बंदर आहे, कारवारला नौदलाचा तळ आहे, मग आपल्यावर अणुबॉम्ब पडेल का?" आईने "बाय, असले अभद्र बोलू नये" म्हणून तिला गप्प केले. मुलीने प्रश्न विचारणे सोडले, पण तिची झोप उडाली. माझ्या मते मुलांना वयाला झेपेल तेवढे खरे सांगावे. अण्वस्त्र प्रथम न वापरण्याचे भारताचे धोरण आहे, आणि १९९२ पासून भारत व पाकिस्तान दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, कारगिलनंतरही ही प्रथा मोडली नाही, हे कळले तर मुलांना आधार वाटेल.

वास्कोवाली:
मी सहमत नाही. प्रथम न वापरण्याचे वचन पाकिस्तानने दिलेले नाही, हे मुलगी दुसऱ्याच दिवशी शोधून काढेल. मार्च २०२२ मध्ये आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडले होते, हेही तिला सापडेल. अर्धी माहिती देऊन आपण तिला उरलेल्या अर्ध्या माहितीबरोबर एकटे सोडतो. तुमच्या आईंना मी दोष देणार नाही. डोक्यावरून विमाने गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांनी भीती हातातल्या कामात रिचवली. नातीला गप्प करण्याऐवजी त्यांनी तिलाही डबे भरायला बसवले असते तर बरे झाले असते, एवढेच म्हणेन. खरा प्रश्न आपल्या पिढीचा आहे. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर आपण पेढे वाटले, आणि त्या अस्त्राची भीतीही वाटू शकते हे घरात कधी बोललोच नाही.

डिचोलीचे मास्तर:
मी विज्ञान शिकवतो. मुलांना धोरणापेक्षा "आपण काय करायचे" हे सांगितलेले अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. स्फोटानंतर खाली येणाऱ्या किरणोत्सारी धुळीची तीव्रता सात तासांनी सुमारे दहाव्या हिश्श्यावर आणि दोन दिवसांनी शंभराव्या हिश्श्यावर येते, म्हणून पहिला दिवस घराबाहेर न पडणे सर्वांत महत्त्वाचे. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती चांगला आडोसा देतात, पण वर मंगलोरी कौले असतील तर छपरावर साचलेल्या धुळीपुढे त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा काँक्रीटच्या इमारतीच्या मधल्या मजल्यावरची आतली खोली बरी. वर्गात हे सांगितल्यावर मुलांनी आपापल्या घराचे नकाशे काढले आणि आजीची खाट कुठे हलवायची यावर वाद घातला.

मडगावकर:
मास्तरांबद्दल आदर ठेवूनही मला हे घातक वाटते. स्फोटाच्या जवळ असलेल्यांना आतली खोली वाचवणार नाही, आणि दूरच्यांपैकी भाजलेल्यांवर उपचार करायला इस्पितळे पुरणार नाहीत. आडोशाचे नकाशे काढून आपण मुलांना युद्धाची सवय लावत आहोत. त्यांना वाटणारी भीती रास्त आहे आणि ती विझवू नये. १९८६ च्या सुमारास जगात ७० हजारांहून अधिक अण्वस्त्रे होती, आज सुमारे १२ हजार आहेत. ही घट घरात दडून बसल्याने झाली नाही. लोक रस्त्यावर उतरले, सरकारांनी वाटाघाटी केल्या, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या १९८७ च्या क्षेपणास्त्र करारासारखे करार झाले. बारा वर्षांच्या मुलीला हा इतिहास सांगा.

डिचोलीचे मास्तर:
इतिहास अवश्य सांगावा, परंतु करार व्हायला वर्षे लागतात आणि मुलीला आज रात्री झोप हवी आहे.

फोंडेकर:
वास्कोवालींचा आक्षेप मला पटतो. पाकिस्तानच्या धोरणाबद्दलही मीच तिला सांगायला हवे. मडगावकरांशी मात्र माझा मतभेद कायम आहे, कारण रास्त भीतीसुद्धा मुलाने एकट्याने वाहायची नसते. या रविवारी आईला १९६१ चे ते दिवस नातीसमोर सांगायला मी विनंती करणार आहे.