मुलं लहान असताना हाय डिडक्टिबल प्लॅन घ्यावा का?

मृदगंध

इथे अमेरिकेत आमच्या कंपनीचं ओपन एनरोलमेंट (वर्षाचा आरोग्य विमा निवडायची मुदत) शुक्रवारी बंद होतंय. २०२६ साठी प्लॅन निवडायचा आहे आणि ऑफिसात ज्याला विचारावं तो एकच सांगतो, ‘डोळे मिटून हाय डिडक्टिबल घे आणि एचएसएत पैसे टाक.’ डिडक्टिबल म्हणजे विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम; ती मोठी असली की हप्ता कमी. एचएसए म्हणजे अशा प्लॅनबरोबर मिळणारं औषधपाण्याचं करमुक्त खातं. माझं मत बरोबर उलट आहे. घरात दहा वर्षांखालची मुलं असतील तर हप्ता जास्त पडला तरी कमी डिडक्टिबलचा पीपीओ, म्हणजे नेहमीच्या पद्धतीचा प्लॅन, घ्यावा.

कारण सांगते. शुक्रवारी रात्री साडेआठला मुलगा कान धरून रडतोय. त्याच्या डॉक्टरांचं ऑफिस बंद झालंय. कोपे (भेटीमागे भरायची ठरलेली रक्कम) चाळीस डॉलर असेल तर आपण गाडीची किल्ली उचलतो आणि अर्जंट केअर (अपॉइंटमेंटशिवाय बघणारं क्लिनिक) गाठतो. अख्खं बिल आपल्याच खिशातून जाणार असेल तर आधी थर्मामीटर, मग टायलेनॉल, मग ‘सकाळपर्यंत बघू या’. आईला फोन लावून लसणीचं तेल सोडू का विचारायचं. त्यात नवरा-बायकोची धुसफूस वेगळी. पैसे खात्यात असतात, तरी हात आखडतो.

हे फक्त माझ्या घरचं नाही. अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात अडीच हजारांहून जास्त कुटुंबांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या विमा योजनांत विभागलं होतं. काहींना उपचार पूर्ण मोफत, काहींना खर्चातला कमी-जास्त वाटा स्वतः उचलायचा. वाटा उचलावा लागला तेव्हा लोकांनी डॉक्टरकडे जाणं कमी केलं. कमी करताना मात्र गरजेचे उपचार आणि बिनगरजेचे उपचार दोन्ही जवळपास सारखेच कमी झाले. कुठली भेट टाळण्यासारखी आहे हे सामान्य माणसाला कळत नाही, आणि रडणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर नाहीच नाही.

---

अनिकेत_न्यूजर्सी

मृदगंध, भावना पोचली. पण रँडचं अर्धंच सांगितलंत. त्याच प्रयोगात सरासरी माणसाच्या तब्येतीवर कमी भेटींचा वाईट परिणाम दिसला नव्हता. तोटा झाला तो प्रामुख्याने गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांचा. कंपनीचा विमा असलेलं, दोन पगारांचं कुटुंब त्या गटात बसत नाही.

आता आकडे. आमच्याकडच्या दोन प्लॅनचे, गोल करून देतो. पीपीओचा हप्ता महिना ६५० डॉलर, म्हणजे वर्षाला ७,८००. डिडक्टिबल १,०००. एचडीएचपीचा (हाय डिडक्टिबल प्लॅनचा) हप्ता ३५०, वर्षाला ४,२००. डिडक्टिबल ४,०००, शिवाय कंपनी एचएसएत १,५०० टाकते. डिडक्टिबल संपल्यावर दोन्हीकडे आपला वाटा २० टक्के आणि आउट ऑफ पॉकेट मॅक्स (हप्ता सोडून वर्षात आपल्या खिशातून जाऊ शकणारी कमाल रक्कम) दोन्हीकडे ८,०००.

कोणी आजारी पडलंच नाही, तर पीपीओला ७,८०० आणि एचडीएचपीला कंपनीचे पैसे वजा जाता २,७००. पाच हजारांची बिलं झाली तर ९,६०० विरुद्ध ६,९००. घरात कुणाचं मोठं ऑपरेशन झालं आणि मॅक्स गाठला तर १५,८०० विरुद्ध १०,७००. म्हणजे चांगलं वर्ष, मधलं वर्ष, वाईट वर्ष, तिन्हींत पीपीओवाला हरतो. मग तो नेमके कशाचे पैसे भरतोय?

आणि असे प्लॅन दुर्मीळ नाहीत. भार्गव, लोवेनस्टाइन आणि सिडनर या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये एका मोठ्या कंपनीतल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या बहुसंख्य लोकांनी असा प्लॅन निवडला होता, जो कुठल्याही परिस्थितीत दुसऱ्यापेक्षा महागच पडणार होता. डिडक्टिबलमध्ये वाचेल त्याहून जास्त पैसे हप्त्यात घालवले होते. ‘डिडक्टिबल’ या शब्दाची भीती आपल्याला महागात पडते.

मुलांचं वार्षिक चेकअप आणि लसी इन-नेटवर्क (विमा कंपनीच्या यादीतल्या डॉक्टरांकडे) असतील तर एचडीएचपीतही मोफतच असतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं.

---

स्वाती७

अनिकेत, तुमचं गणित वर्षाच्या शेवटी बरोबर येतं. बिलं मात्र वर्षाच्या शेवटी येत नाहीत.

आमचं दुसरं बाळ फेब्रुवारीतलं. एचएसएत तोवर जानेवारीच्या पगारातून गेलेले पैसे, बस. हॉस्पिटलचं बिल, भूलतज्ज्ञांचं वेगळं, बाळाच्या नावाने तिसरं, आणि घरात बिनपगारी रजा चालू. शेवटी हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसशी बोलून महिन्याचे हप्ते बांधून घेतले. ज्या दिवसांत बाळाकडे बघायचं, त्या दिवसांत मी ईओबी (विमा कंपनीने पाठवलेला हिशोब) आणि बिलं समोरासमोर ठेवून जुळवत होते. पीपीओ महाग असतो तो या अशा वेळेसाठी.

इथे एफएसए (कंपनीतून मिळणारं औषधपाण्याचं दुसरं करमुक्त खातं) आणि एचएसएतला फरक सांगायला हवा. एफएसएत वर्षभरासाठी जेवढी रक्कम ठरवाल (२०२६ साठी जास्तीत जास्त ३,४००), ती प्लॅन सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पूर्ण वापरता येते. एचएसएत जमा असेल तेवढीच.

दुसरं म्हणजे गरोदरपण दोन वर्षांत विभागलं गेलं तर डिडक्टिबलही दोनदा. आधीच्या तपासण्या एका वर्षात, बाळंतपण दुसऱ्यात.

आणि तिसरं, जे बहुतेक जण वाचतच नाहीत. फॅमिली डिडक्टिबल ४,००० लिहिलंय ते एम्बेडेड आहे की अ‍ॅग्रिगेट? पुष्कळ पीपीओंमध्ये प्रत्येक माणसाचं वेगळं, छोटं डिडक्टिबल असतं, ते एम्बेडेड. एकट्या मुलाचं ते पूर्ण झालं की त्याच्यापुरता विमा सुरू. एचडीएचपीत अनेकदा अख्ख्या कुटुंबाची रक्कम भरल्याशिवाय कुणासाठीच सुरू होत नाही, ते अ‍ॅग्रिगेट. आणि एम्बेडेड असलं तरी २०२६ च्या नियमानुसार एचएसए चालणाऱ्या फॅमिली प्लॅनमध्ये ते एका माणसासाठी ३,४०० च्या खाली ठेवता येत नाही. चार जणांच्या घरात एकच मूल आजारी पडतं तेव्हा हा फरक फार मोठा होतो.

---

टेक्सासकर

स्वातीताई, तुमची अडचण अगदी खरी, पण ती एचएसएच्या पहिल्या वर्षाची आहे. दोन-तीन वर्षं पैसे साठले की फेब्रुवारीतलं बाळंतपणही त्यातून निघतं. एफएसएसारखे ते वर्षाअखेर बुडत नाहीत, नोकरी सुटली तरी आपलेच राहतात.

मी व्हिसावर आहे, म्हणून माझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यांत मोठा. एच-वन-बीवर (नोकरीवर मिळणारा व्हिसा) नोकरी गेली की देशात राहायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस. विमा चालू ठेवायचा तर कोब्रा (नोकरी गेल्यावरही कंपनीचा विमा पुढे चालवायची सोय), म्हणजे कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. एचएसएतून इतर विम्यांचे हप्ते सहसा भरता येत नाहीत, कोब्राचे येतात. परत जायची वेळ आली तरी भारतात केलेल्या आपल्या उपचारांचा खर्च त्यातून काढता येतो. सुट्टीत गावी जाऊन रूट कॅनाल केलं, पावती ठेवली, चालतं. एचएसए उघडल्यानंतरचा खर्च हवा, एवढंच. पैसे त्याच वर्षी काढायचं बंधनही नाही.

एक गोष्ट मात्र चालत नाही आणि आपल्या लोकांत त्याबद्दल गैरसमज आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचा औषधखर्च एचएसएतून काढता येत नाही. कराच्या दृष्टीने ते सहसा आपले डिपेंडंट ठरत नाहीत. तसा खर्च काढलात तर त्यावर आयकर, आणि वय ६५ च्या आत असेल तर २० टक्के दंड. त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स वेगळा काढा.

---

गवतफूल

तुम्ही सगळे हप्ता आणि डिडक्टिबलवर भांडताय. माझ्या मते ती तिसरी पायरी आहे.

माझ्या मुलीला दमा आहे. मी आधी बघते तिची औषधं प्लॅनच्या फॉर्म्युलरीत (औषधांच्या यादीत) कुठल्या टियरला (किमतीच्या गटात) आहेत. एचडीएचपीच्या बाजूने एक सांगायला हवं. २०१९ पासून आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) अशा प्लॅनना काही जुनाट आजारांची औषधं डिडक्टिबलच्या आधीच द्यायची परवानगी दिली आहे. दम्याचे रोजचे स्टेरॉइड इन्हेलर त्यात येतात, मधुमेहाचं इन्सुलिन येतं. पण ही परवानगी आहे, सक्ती नाही. तुमची कंपनी देते का, हे प्लॅनच्या कागदांतच सापडेल. एचआरच्या रंगीत पत्रकात नाही.

मग नेटवर्क. वेबसाइटवरच्या डिरेक्टरीवर विसंबू नका, डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करा. ‘तुम्ही आमचा इन्शुरन्स घेता का?’ असं विचारलं की रिसेप्शनवरून ‘हो’ येतं, कारण ते कुठल्याही कंपनीला बिल पाठवतात. विचारायचं असं: ‘अमुक कंपनीचा अमुक नावाचा प्लॅन, त्या नेटवर्कमध्ये तुम्ही २०२६ मध्ये आहात का?’ एकाच विमा कंपनीची तीन-चार नेटवर्क असतात आणि स्वस्त प्लॅनला बहुधा अरुंद नेटवर्क जोडलेलं असतं. आमच्या मुलीचे फुफ्फुसाचे डॉक्टर एका नेटवर्कमध्ये आहेत, दुसऱ्यात नाहीत. त्यांची पुढची तारीख चार महिन्यांनंतरची मिळते. डॉक्टर बदलायचे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

नो सर्प्रायझेस अ‍ॅक्ट २०२२ पासून लागू आहे. इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलात गेलात तरी बिल इन-नेटवर्कच्या हिशोबाने येतं. हे मोठं संरक्षण आहे. पण रस्त्यावरून धावणारी अ‍ॅम्ब्युलन्स त्यात येत नाही, आणि आपण स्वतः निवडलेला बाहेरचा स्पेशालिस्टही नाही.

---

मृदगंध

अनिकेत, तुमच्या कंपनीचे आकडे माझ्याकडे असते तर मीही वाद घातला नसता. आमच्याकडे हप्त्यातला फरक वर्षाला जेमतेम ९०० आहे, एचएसएत कंपनी ५०० टाकते आणि डिडक्टिबलमधला फरक ३,०००. म्हणजे कोरडं वर्ष गेलं तर एचडीएचपीत माझे १,४०० वाचणार. मुलांच्या दोन-तीन अर्जंट केअर भेटी, एक एक्स-रे आणि नवऱ्याच्या रक्ततपासण्या, एवढ्यात ते संपतात. त्यापुढचा प्रत्येक डॉलर माझ्या खिशातून. अ‍ॅग्रिगेट की एम्बेडेड हे आत्ता जाऊन बघितलं. आमचं अ‍ॅग्रिगेट आहे, त्यामुळे माझं मत आणखी घट्ट झालं.

टेक्सासकर, दोन-तीन वर्षांत साठतात म्हणता. डेकेअरचे पैसे भरणाऱ्या घरात कुठून साठणार? २०२६ साठी कुटुंबाची मर्यादा ८,७५० आहे हे खरं, पण ती भरू शकणाऱ्याला पाच हजारांच्या बिलाची मुळात धास्ती नसते. बाकीच्यांच्या एचएसएत एका हाताने पैसे जातात आणि दुसऱ्या हाताने निघतात.

---

अनिकेत_न्यूजर्सी

निघाले तरी करमुक्त निघतात. पगारातून गेलेल्या एचएसएवर फेडरल आयकर नाही आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्केही नाहीत. आम्हा न्यूजर्सीवाल्यांना आणि कॅलिफोर्नियाकरांना राज्याचा कर मात्र द्यावा लागतो, हे हिशोबात धरा. पाच हजारांवर फेडरलचे २२ टक्के धरले तरी जवळपास दीड हजार वाचतात. ते तुमच्या १,४०० मध्ये मिळवा, मग बोलू.

हात आखडण्याबद्दल: आम्ही हप्त्यात वाचणारे ३०० डॉलर दर महिन्याला थेट एचएसएत वळवले आहेत. डेबिट कार्ड बायकोच्या पर्समध्ये. ते पैसे औषधपाण्याचेच हे एकदा ठरलं की मूल रडताना चर्चा होत नाही.

---

स्वाती७

अनिकेत, तुमच्याकडे ती शिस्त आहे. ज्या घरात तेच ३०० डॉलर गाडीच्या हप्त्यात जातात, त्या घराने काय करायचं? माझा सल्ला अजूनही मृदगंधसारखाच, निदान धाकटं मूल शाळेत जाईपर्यंत.

पण शुक्रवारच्या आत दोन गोष्टी बघाच, प्लॅन कुठलाही घ्या. नवऱ्याने त्याच्या कंपनीत साधा हेल्थकेअर एफएसए घेतला असेल तर तुम्हाला एचएसएत पैसे टाकता येत नाहीत. तो विम्यावर तुमच्याबरोबर नसला तरीही. फक्त दात आणि डोळ्यांपुरता मर्यादित एफएसए चालतो. आणि काहीच निवडलं नाही तर बऱ्याच कंपन्यांत जुना प्लॅन आपोआप पुढे चालू राहतो, एफएसएची रक्कम मात्र सहसा राहत नाही. ती दर वर्षी नव्याने भरावी लागते.

---

गवतफूल

मुदत चुकली तर कंपनीच्या प्लॅनमध्ये पुढचं दार उघडतं ते लग्न, बाळ किंवा जोडीदाराचा विमा जाणं अशा कारणांनीच. तेही साधारण ३० दिवसांसाठी. बाळ आपोआप विम्यात येतं असं समजू नका, कळवावं लागतं.

मृदगंध, तुमच्या मुलाच्या डॉक्टरांना फोन केलात का? पीपीओ घ्या, पण आधी तो फोन करा. ऑफिस पाचला बंद होतं.