डाउनविंडला (वारा पाठीवर घेऊन जाताना) खालच्या बोटीने दोनदा जाइब केलं (शीड पलीकडे टाकलं) आणि मग आम्हाला वर, वाऱ्याकडे ढकललं. हे नियमात बसतं?

शीडवेडा
शिडाच्या बोटींच्या शर्यतीत विंडवर्ड मार्क (वाऱ्याकडची खूण) घेऊन खाली, वाऱ्याबरोबर निघालो होतो. आम्ही स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजवीकडून), मागून येणारी बोटही स्टारबोर्डवरच. तिने आमच्या लीवर्डला (वाऱ्यापासून दूरच्या बाजूला), जेमतेम एका बोटीच्या अंतरावर, नाक घुसवलं आणि बोट वर घ्यायला लागली. आमचा स्किपर ओरडला, "प्रॉपर कोर्स!" (आम्ही नसतो तर लवकर पोचायला तिने घेतली असती ती दिशा.) ती निमूट खाली गेली. इथपर्यंत ठीक.

मग तिने बूम (शिडाखालचा आडवा दांडा) फटकन पलीकडे टाकला, दोन श्वासांत परत आणला आणि सरळ आम्हाला वर न्यायला लागली. आम्ही पुन्हा ओरडलो, तर त्यांचा हेल्म्समन (सुकाणूवाला) हसत म्हणाला, "आता नाही चालत ते." स्पिनेकरची (पुढच्या फुगीर शिडाची) शीट, म्हणजे दोरी, माझ्या हातात, नजर शिडाच्या कडेवर, त्यामुळे मला अर्धंच दिसलं. शिवाय वर जाता जाता आमचा स्पिनेकर कोसळला. आम्ही प्रोटेस्ट (औपचारिक तक्रार) केला नाही कारण स्किपरलाच खात्री नव्हती. कोण बरोबर?

डेकवरचा
मी मालवाहू जहाजावर असतो, शर्यतीतलं कळत नाही. पण ओव्हरटेक करणाऱ्याने बाजूला राहायचं, आणि पूर्ण पुढे निघून जाईपर्यंत राहायचं, हे तर पहिल्या वर्षी शिकवतात. मागून आला तो चुकला. एवढा काथ्याकूट कशाला?

बूमखालचा म्हातारा
डेकवरचा, तुमचा नियम पक्का आहे, पण तो १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला. शर्यतीतल्या दोन बोटी आपसात वेगळे नियम पाळतात. मध्ये तुमचं जहाज आलं, की तुमच्याशी वागताना मात्र तुमचेच नियम लागू.

शर्यतीत मागची बोट पूर्ण मागे असेपर्यंतच तिने चुकवायचं, हा नियम १२. तिचं नाक पुढच्या बोटीच्या सर्वात मागच्या टोकातून काढलेल्या आडव्या रेषेच्या पुढे आलं की ओव्हरलॅप झाला. सुकाणू मागे लटकत असेल तर रेषा सुकाणूपासून धरायची, बऱ्याच जणांना वाटतं तशी ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या सपाट भागापासून) नाही. आणि ओव्हरलॅप झाला, दोघी एकाच टॅकवर असल्या, की नियम ११: वाऱ्याकडच्या बोटीने लीवर्डच्या बोटीला चुकवायचं. म्हणजे शीडवेडा, त्यांचं नाक तुमच्या मागच्या टोकापुढे सरकलं त्या क्षणी हक्क त्यांच्याकडे गेला. कोण आधी तिथे होतं याला किंमत नाही. फक्त हक्क नव्याने मिळाला म्हणून सुरुवातीला तुम्हाला हलायला जागा देणं त्यांच्यावर बंधनकारक, तो नियम १५.

तुमचा स्किपर "प्रॉपर कोर्स" ओरडला तो नियम १७. मागून येऊन, त्याच टॅकवर, स्वतःच्या दोन बोट-लांब्यांच्या आत लीवर्डला ओव्हरलॅप केला, तर प्रॉपर कोर्सच्या वर जायचं नाही. पण यात लोक एक गफलत हमखास करतात. हक्क कुणाचा आणि हक्कावर मर्यादा कोणती, या दोन वेगळ्या गोष्टी. तिने १७ मोडला तरी तुम्हाला तिला चुकवावंच लागतं. चुकवा, आणि प्रोटेस्ट म्हणून ओरडा. "ती चुकीची आहे" म्हणून सरळ जात राहिलात आणि आदळलात, तर सुनावणीत तुम्हीही अडकता.

आता ते दोन जाइब. १७ ची मर्यादा "एकाच टॅकवर आणि ओव्हरलॅप असेपर्यंत"च असते. तिने जाइब केलं, म्हणजे ती पोर्टवर (वारा डावीकडून) गेली. टॅक तुटला, मर्यादा संपली. परत स्टारबोर्डवर आली तेव्हा ओव्हरलॅप आधीपासूनच होता, ती "मागून" आली नव्हती. म्हणून १७ पुन्हा चिकटत नाही. त्यांचा हसरा हेल्म्समन पुस्तक वाचलेला आहे. सांघिक शर्यतींत ही जुनी खेळी आहे.

शीडवेडा
काका, पण तिने दिशा बदललीच नाही! सरळच चालली होती, नुसता बूम इकडून तिकडे. त्याला जाइब म्हणायचं?

बूमखालचा म्हातारा
हो. वारा सरळ पाठीवर असला की टॅक ठरतो तो मेनसेल (मुख्य शीड) कुठल्या बाजूला पडलंय त्यावरून. बोटीचं नाक कुठे आहे ते कुणी विचारत नाही. विनाकारण पुन्हा पुन्हा जाइब करून बोट पुढे रेटायला ४२ मध्ये बंदी आहे, पण डावपेचासाठी केलेल्याला नाही.

लाटेवरची
म्हणजे विंडवर्डच्या बोटीने नुसतं बघत बसायचं?

बूमखालचा म्हातारा
छे. ती पोर्टवर होती तेवढा वेळ राजे तुम्ही होतात. विरुद्ध टॅक, पोर्टने स्टारबोर्डला चुकवायचं, नियम १०. तिचा बूम पलीकडे गेला म्हणजे कुठे गेला? तुमच्याच अंगावर. तुम्ही स्टारबोर्डवर तिच्या उजव्या हाताला, आणि तिचा बूमही आता उजवीकडे. एका बोटीच्या अंतरात तो तुमच्या शिडाला किंवा शीटला घासला असता तर चूक तिची. अशा वेळी तुम्ही थोडं खाली उतरायचं, तिला चुकवायला जागा राहील एवढ्याच बेताने, कारण हक्क असलेल्यालाही दिशा बदलताना १६ पाळावा लागतो. मग तिला तुमच्यापासून दूर जावं लागतं, आणि परत जाइब केलं तरी अंतर वाढलेलं असतं. शिवाय पलटल्यावर लगेच वर घेतलं तर १५ आणि १६ दोन्ही तिच्या डोक्यावर.

सुनावणीत मी टेबलावरच्या छोट्या बोटी हलवून पहिला प्रश्न हाच विचारला असता: दुसऱ्या जाइबनंतर ती वर यायला लागली, तेव्हा तुम्हाला हलायला वेळ मिळाला का? खरा वाद तिथे आहे. स्पिनेकर कोसळणं हा पुरावा नाही, पण वेग कुठल्या क्षणी पडला ते त्यावरून कळतं.

शीडवेडा
वेळ मिळाला होता बहुतेक. आम्ही वर घेतलं, चुकवलं, मग कोसळला.

बूमखालचा म्हातारा
मग ती सुटली असती. पुढच्या वेळी शीटवाल्याने निदान बूमकडे एक डोळा ठेवायचा. तिचा बूम उचलला जाताना दिसला की स्किपरला "जाइब!" एवढंच सांगा, तुमच्या हक्काचे दोन श्वास तेवढ्यात सुरू होतात.

लाटेवरची
आणि हे सगळं मार्कच्या तीन बोट-लांब्यांच्या आत घडलं तर?

बूमखालचा म्हातारा
मग १८, मार्कपाशी जागा देण्याचा नियम, येतो, त्याला वेगळा धागा काढा. आत शिरताना आतल्या बाजूला कोण होतं हे आधी लिहा, नाहीतर चाळीस प्रतिसाद होतील.