मदत हवी आहे: हिरोशिगेचा पाऊस आणि व्हॅन गॉग

नमस्कार मंडळी. जपानी चित्रकार हिरोशिगेचं १८५७चं पुलावरच्या अवचित सरीचं, लाकडी ठशांनी छापलेलं चित्र आणि व्हॅन गॉगने १८८७मध्ये पॅरिसला केलेली त्याची तैलरंगातली नक्कल, हा माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय. व्हॅन गॉगवर वाचायला रग्गड मिळतं. पावसाच्या त्या केसाएवढ्या रेघा लाकडात कोरणाऱ्या कारागिरांवर मात्र ओळ-दोन ओळी. (नाव चित्रकाराचंच उरतं, नेहमीचंच!)

आकाशातली काळी उतरती छटा दर छापाला ठशावर हाताने रंग पुसून आणत, त्यामुळे प्रती वेगवेगळ्या दिसतात. मग आधीची छपाई कोणती, नंतरची कोणती, हे कसं ओळखायचं? शिवाय व्हॅन गॉगने चौकटीत रंगवलेली जपानी अक्षरं मूळ चित्रात नाहीत. ती कुणी वाचून देईल का? जपानात राहणारं कुणी आहे का इथे? इंग्रजी लेखही चालतील.