मदत हवी आहे: एंडमिलच्या पेटंटवर 'इन्व्हेन्टिव्ह स्टेप नाही' असा आक्षेप

मंडळी, भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये केलेल्या चार फ्लूटच्या (कीस बाहेर नेणाऱ्या खोबणींच्या) कार्बाइड एंडमिलसाठी (मिलिंग मशीनवर धातू कापणाऱ्या फिरत्या टूलसाठी) पेटंटचा अर्ज केला होता. आता पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल आलाय. पेटंट कायद्याच्या कलम 2(1)(जेए) खाली आक्षेप आहे, म्हणजे इन्व्हेन्टिव्ह स्टेप (जाणकाराला सहज न सुचणारी कल्पकता) नाही: एका जुन्या पेटंटात फ्लूटमधलं अंतर असमान, दुसऱ्यात हेलिक्स कोन (फ्लूटच्या पिळाचे कोन) वेगवेगळे; दोन्ही एकत्र करणं जाणकाराला सहज सुचेल.

मला हे पटत नाही. दोन्ही एकत्र केलं की शँककडे (टूल धरायच्या टोकाकडे) जाताना अंतर बदलत जातं आणि एखादी फ्लूट इतकी अरुंद होते की चिप (कापलेल्या धातूचा कीस) अडकते. 304 स्टेनलेसवर आमची पहिली तीन टूल अशीच मोडली, फ्लूटमध्ये चिप वेल्ड केल्यासारखी चिकटलेली. प्रत्येक फ्लूटची खोली वेगळी ठेवली, तेव्हा कुठे चॅटर (कापताना होणारी थरथर) गेला आणि चिपही सुटली.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1978 च्या बिश्वनाथ प्रसाद निकालातला 'वर्कशॉपमधली सुधारणा' (नुसती अशी सुधारणा म्हणजे शोध नव्हे) हा मुद्दा आडवा येईल, ही धास्ती आहे. उत्तराच्या 6 महिन्यांतले चार गेले. असा आक्षेप कुणी परतवलाय का? मोडलेल्या टूलचे फोटो, चाचणीचे आकडे प्रतिज्ञापत्रावर देऊ का? की खोलीचा मुद्दा पहिल्या क्लेममध्येच (पेटंटात कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या विधानात) घ्यावा?