मराठीतून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेण्याची मुभा असावी की नसावी?

मिरजकर: ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदवीची उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा विद्यापीठाने काढून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्युईचे ग्रंथ-वर्गीकरणाचे तक्ते, मार्क २१ हा संगणकावर ग्रंथाची नोंद करण्याचा साचा, नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची तयारी करायची पुस्तके, बहुतेक सगळे इंग्रजीत. मराठीतून शिकलेली मुले नोकरीच्या मुलाखतीत अडखळतात आणि पुढे आयुष्यभर विद्यापीठाला दोष देत बसतात.

कृष्णाकाठ, तासगाव: हे वाचून राहवले नाही. ग्रंथपाल म्हणजे महाविद्यालयातलाच, असे आपण गृहीत धरले आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत मान्यता मिळालेली गावोगावची वाचनालये आपल्या हिशेबात नाहीतच. आमच्याकडे छाटणीनंतर द्राक्षबागायतदार येतात आणि उभ्या उभ्याच विचारतात, ‘डाऊनीवर काही आहे का?’ म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगावर. त्यांना नेमके काय हवे आहे हे दोन प्रश्न विचारून काढून घेणे आणि ६३४.८ च्या, म्हणजे ड्युईच्या वर्गीकरणातल्या द्राक्षांच्या अंकाच्या, कपाटापाशी नेणे, हीच खरी संदर्भसेवा आहे. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१ चे सूत्र ज्याने स्वतःच्या भाषेत समजून घेतले, त्याला हे जमते. इंग्रजी टिपणे पाठ करून उत्तीर्ण झालेले उमेदवार वाचकासमोर गप्प उभे राहिलेले मी पाहिले आहेत. आणि अनुदान इतके तुटपुंजे की शिकलेला माणूस या वाचनालयांत टिकत नाही, त्याबद्दल मात्र कोणी लिहीत नाही.

मिरजकर: अनुदानाचा प्रश्न वेगळा आहे, तो येथे आणू नका. ६३४.८ हा अंक आपल्याला इंग्रजी तक्त्यातच सापडला असणार. माझ्या भाचीने पदवी मराठीतून घेतली. मुलाखतीत तिला मार्कमधले ८८० क्रमांकाचे क्षेत्र कशासाठी असते, असे विचारले. तिने ते नावही ऐकले नव्हते. ती रडत घरी आली, तेव्हा आपली संदर्भसेवा तिच्या कामी आली नाही.

वाईची वाचक: ८८० चा, म्हणजे मूळ लिपीतल्या नोंदीचा, विषय निघालाच आहे, तर वाचकाची बाजूही ऐका. मराठी विश्वकोश ज्या गावात घडला, तेथे मी राहते. एका महाविद्यालयाच्या संगणकीय तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या यादीत, मी ज्ञानेश्वरी शोधली, ती मिळाली नाही. नोंद रोमन लिपीत ‘जे’ अक्षराखाली होती आणि मी आपल्या उच्चाराप्रमाणे ‘डी’ने शोधत होते. देवनागरी नोंद जोडलेलीच नव्हती. प्रत मात्र कपाटात होती.

कराडचा ग्रंथपाल: याहून मोठा घोळ अनुक्रमाचा आहे. आपल्या जुन्या कोशांत क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी येतात. युनिकोडमध्ये ज्ञ म्हणजे ज आणि ञ यांचे जोडाक्षर, त्यामुळे संगणक सहसा त्याला ज मध्ये बसवतो. कार्डांची तालिका वापरलेला वाचक यादीच्या शेवटी पाहतो, तेथे काही नसते, आणि ‘पुस्तक नाही’ म्हणून परत जातो. हे कोणत्याच भाषेत नीट शिकवले जात नाही.

मिरजकर: म्हणजे माझेच म्हणणे खरे ठरले. हे तांत्रिक ज्ञान इंग्रजीतून आले असते, तर वाईच्या ताईंना हेलपाटा पडला नसता.

कृष्णाकाठ, तासगाव: ती नोंद रोमनमध्ये करून देवनागरी वगळणाऱ्याला इंग्रजी येत होते, मराठी वाचकाची पर्वा नव्हती! आपण भाचीच्या दुःखाचा आधार घेऊन शेकडो मुलांची वाट अडवत आहात, याचा मला राग येतो. ८८० चे क्षेत्र म्हणजे तीच नोंद मूळ लिपीत ठेवण्याची जागा. मराठी पुस्तकांसाठी याहून गरजेचे काही नाही आणि हे मराठीत पाच मिनिटांत सांगता येते. ते तिला सांगितले गेले नाही, हा शिकवणाऱ्यांचा दोष आहे.

मिरजकर: दोष शिकवणाऱ्यांचा, एवढे मान्य करतो, त्यापलीकडे काही नाही. तालिकीकरणाचा प्रात्यक्षिकाचा पेपर तरी इंग्रजी नियमावली समोर ठेवूनच घ्यावा.

कृष्णाकाठ, तासगाव: नियमावली इंग्रजी चालेल. पण नोंद देवनागरीतही करून दाखवावी लागेल, आणि उत्तराची मुभा तशीच राहील.